डोंगर पेटतो तेव्हा विहिरीचं काय होतं?



हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी आहे. बचत जमा झाली, हप्ते झाले, सह्या झाल्या, की एकीने वाचायला घ्यावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून आपल्या गावचं सांगावं. एका बैठकीत संपला नाही तर पुढच्या बैठकीला घ्या. विषय वणव्याचा आणि दुष्काळाचा आहे. वणवा वनखात्याने बघायचा आणि दुष्काळ तहसीलदाराने, अशी आपल्या डोक्यात वाटणी झालेली असते. पण सरपण आणायला डोंगरात कोण जातं? आणि विहिरीचा तळ दिसायला लागला की सगळ्यात आधी कोणाला कळतं? दोन्ही ठिकाणी आपणच असतो. म्हणून हे दोन्ही एकत्र समजून घेऊ.

वणवा कोण लावतं?

वनखात्याच्या हिशोबात आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. शिमगा जवळ आला की संध्याकाळी डोंगरावर लाल रेघ दिसायला लागते. लहान पोरं तिला डोंगराची माळ म्हणतात. दिसायला ती छानच दिसते, हे कबूल करायला पाहिजे.

ऑस्ट्रेलियात, कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागतात ते आपण मोबाईलवर बघतो. तिथे कोरड्या हवेत वीज पडूनही जंगल पेटतं आणि आग झाडांच्या शेंड्यांवरून पळत जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज पडते ती बहुतेक वेळा वळवाच्या सरीबरोबर. त्यामुळे ती आग टिकत नाही. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो असं जुनी माणसं सांगतात, पण आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात आणि जमिनीलगत, गवतातून आणि पाल्यापाचोळ्यातून चालतात. ही एक चांगली बातमी आहे असं समजा. हाताने लागलेलं हाताने थांबवता येतं.

आता लावणारे सगळे दुष्ट असतात का? तसं मुळीच नाही. मावळात, कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्यातली एखादी ठिणगी वाऱ्याने बांधापलीकडे जाते. कोणी शेताचा बांध साफ करायला काडी लावतं. कोणी बिडी न विझवता टाकतं. सहलीला आलेली मंडळी शेकोटी तशीच सोडून जातात. कधी सशाच्या, रानडुकराच्या शिकारीसाठी आग लावतात. आणि कधी, हे बैठकीत कोणी उघड बोलणार नाही, पण भावकीच्या भांडणातूनही गवताची गंजी पेटते.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या बहिणींचं कारण वेगळं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असला तर फूल दिसत नाही, वेचायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आग झाडाखालीच राहील असा अंदाज असतो, आणि एखाद्या दिवशी वारा सुटतो. तेंदूचंही तसंच. आग लावली की नवी कोवळी पानं चांगली फुटतात, म्हणून हंगामाआधी जंगल जाळलं जातं. पोट त्याच्यावर आहे, तेव्हा नुसतं ‘जाळू नका’ म्हणून भागत नाही. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी खराट्याने झाडून बाजूला करता येतो, किंवा जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरता येते. जाळीवर पडलेल्या फुलाला माती-राख लागत नाही, त्यामुळे फूल स्वच्छ राहतं आणि भाव मागायला तोंड राहतं. गटाने मिळून जाळ्या घेतल्या तर एकीवर बोजा पडत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर यापुढचं पाऊल टाकलं. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूसाठी फांद्या तोडाव्या लागतात, आगी लावल्या जातात, हे बघून ग्रामसभेने तेंदूपानं तोडणंच बंद केलं आणि बांबूच्या विक्रीवर गावाचा रोजगार उभा केला. हातात येणारा पैसा सोडणं सोपं नसतं. पण जंगल आपल्या नावावर आहे म्हटल्यावर माणूस पुढच्या वर्षाचा विचार करायला लागतो.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’

पश्चिम घाटाच्या कडेच्या गावांत हे वाक्य प्रत्येकीने ऐकलंय. सासऱ्याने सांगितलंय, गुराख्याने सांगितलंय. यात खरं किती?

थोडं खरं आहे, म्हणूनच ते टिकलंय. वाळलेलं गवत जळून गेलं की खालचे हिरवे कोंब डोळ्यांना दिसतात आणि राखेमुळे पहिल्या पावसात फुटवा जोरात आल्यासारखा वाटतो. पण तोच डोंगर दरवर्षी जाळत राहिला की गवताची जातच बदलते. मारवेल, पवना, शेडा ही गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी वाढते. कुसळीचं बी कधी नीट बघितलंय? बियाला लांब, पीळ पडलेलं कुसळ असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं गिरमिटासारखं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. वणवा वरून जातो तेव्हा ते खाली सुखरूप असतं. वर पडून राहिलेलं दुसरं बी भाजून जातं. म्हणजे आपण काडी लावतो ती चाऱ्यासाठी, आणि वाढवतो कुसळी, जी फुलोऱ्यावर आल्यावर जनावर तोंडात घेत नाही आणि मेंढीच्या लोकरीत, कातडीत रुतते. चार-पाच वर्षं न जळलेला एखादा तुकडा गावात असेल, देवराई असेल, तर एकदा जाऊन दोन्हीकडचं गवत हातात घेऊन बघा. वाद तिथेच मिटेल.

गवताबरोबर आणखी काय जातं? करवंदाची, आवळ्याची, हिरड्याची हातभर वाढलेली रोपं जातात. मोठं झाड वाचतं, त्यामुळे आपल्याला काही बिघडलंय असं वाटत नाही. पण मोठ्या झाडाच्या मागे वारस राहत नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या बायका बाळहिरडा गोळा करून घर चालवतात, त्यांना हे सांगायला नको. जमिनीवर घरटं करणारे तित्तर, लावा, टिटवी यांची अंडी जातात. सशाची पिल्लं, सरडे, कासवं पळू शकत नाहीत. मधमाश्या उठून जातात, आणि मग परागीकरण कमी झालं की फळधारणा कमी.

लातूरची गाडी आणि आपला डोंगर

आता मुख्य गोष्ट, पाण्याची.

डोंगरावर पडलेला पाला म्हणजे गोधडी आहे असं समजा. वळवाचा थेंब मोठा असतो आणि जोरात आपटतो. पाल्यावर आपटला तर त्याचा जोर मोडतो, पाणी झिरपत खाली जातं, मुळांच्या वाटेने मुरुमात उतरतं. गोधडी जळून गेली की थेंब थेट मातीवर. माती उडते, राख आणि बारीक गाळ मातीची छिद्रं बंद करतात, आणि पाणी मुरायच्या आधी वाहायला लागतं. वाहताना माती घेऊन जातं. ती माती जाऊन बसते आपल्याच पाझर तलावात, शेततळ्यात, नालाबांधात. म्हणजे एकाच आगीने दोन नुकसानं होतात, वर मुरणं कमी आणि खाली साठवण कमी.

हे आकड्यात बघू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, १० टाक्यांची, त्यात ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० टाक्यांची गाडी धावली, तिच्यात २५ लाख लिटर मावायचं. देशभर बातमी झाली.

आता आपला हिशोब. एक हेक्टर जमिनीवर, म्हणजे अडीच एकरावर, १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. दुष्काळी पट्ट्यातही वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरवर ५० लाख लिटर पडतं. म्हणजे लातूरच्या त्या मोठ्या गाडीच्या दोन खेपा, फक्त अडीच एकरावर!

गावाचा १०० एकराचा डोंगर घ्या. तो जळला नाही आणि त्यामुळे वर्षभरात फक्त एक इंच पाणी जास्त मुरलं असं धरू. एक इंच म्हणजे साधारण २५ मिलिमीटर. १०० एकर म्हणजे ४० हेक्टर. गुणाकार करा: एक कोटी लिटर. १० हजार लिटरचे एक हजार टँकर. मुरलेलं सगळं पाणी आपल्याच विहिरीत येतं असं नाही. काही झाडं पितात, काही खालच्या गावाला जातं. पण निम्मं जरी धरलं तरी ५०० टँकर होतात. टंचाईत टँकरच्या पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला २० लिटर असा धरतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावाला रोज दोन टँकर. ५०० टँकर म्हणजे आठ महिन्यांचं पाणी. गटातल्या शाळकरी मुलीला हा हिशोब फळ्यावर मांडायला सांगा, ग्रामसभेत उपयोगी पडेल.

दुष्काळ तीन जागी येतो

पाऊस कमी पडला की दुष्काळ, असं आपण म्हणतो. अभ्यासक मात्र तो तीन जागी मोजतात. पहिला आभाळात, म्हणजे पाऊसच सरासरीपेक्षा फार कमी. दुसरा शेतात, म्हणजे पाऊस वर्षाचा भरतो पण पीक ऐन फुलोऱ्यात असताना महिनाभर दडी मारतो. आणि तिसरा विहिरीत, म्हणजे जमिनीच्या पोटातलं आणि धरणातलं पाणी संपतं. पहिला आपल्या हातात नाही. तिसरा बराचसा आहे.

पहिल्याबद्दल थोडक्यात: प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला एल निनो म्हणतात. तेव्हा आपला मोसमी पाऊस बऱ्याचदा कमजोर पडतो. १९७२, २००९, २०१५, २०२३ ही सगळी एल निनोची वर्षं. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून बातमीत ‘एल निनो’ ऐकलं की घाबरून शेळ्या विकायच्या नाहीत, तयारी करायची.

बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. ती मिलोच्या लाल ज्वारीबद्दल सांगेल, कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दल सांगेल, खडी फोडून हाताला आलेल्या फोडांबद्दल सांगेल. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात मोठी झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशाने कायदा केला त्याच्या आधी आपल्या आज्या-सासवांनी हे काम करून दाखवलेलं होतं.

पण तिला आणखी एक विचारा: तेव्हा प्यायला पाणी किती खोल होतं? बऱ्याच गावांत उत्तर येईल, की धान्य नव्हतं, पण विहिरीला थोडंफार पाणी होतं. २०१६ मध्ये उलटं झालं. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ होते, विहिरी कोरड्या होत्या. मधल्या काळात काय झालं? बोअर आले. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. या दगडात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि भेगांत, आणि ते थोडंच असतं. वरच्या थराचं पाणी दर पावसाळ्यात भरतं. खोल भेगांतलं पाणी भरायला फार काळ लागतो. एकाने ३०० फूट बोअर मारला की शेजाऱ्याची ४० फुटांची विहीर आटते, मग शेजारी ४०० फूट जातो. या शर्यतीत कर्ज दोघांचं वाढतं आणि पाणी कोणालाच राहत नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही असा कायदा आहे. आपल्या गावात तो कोणाला माहीत आहे, तेही विचारा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव आपण इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी लक्ष देत नाही. बंधारे तर सगळीकडे बांधतात. मला त्यांची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. एवढा पाऊस झाला, एवढं पाणी आहे, आधी माणसांचं आणि जनावरांचं बाजूला काढायचं, उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. उसाला आणि शेतीच्या बोअरला बंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे नियम गावानेच केले. आपण गटात तेच करतो की! शिल्लक किती ते वहीत बघतो आणि मगच कर्ज देतो. वहीत ५ हजार असताना २० हजारांचं कर्ज कुठली सचिव मंजूर करेल? पाण्याच्या बाबतीत मात्र गावं ते करतात.

दुष्काळ घरात शिरतो तेव्हा

पाणी गेलं की शेतातलं काम जातं, आणि मग कोयता उचलावा लागतो. मुकादमाची उचल घेऊन जोडपं ऊसतोडीला जातं. पोरीची शाळा सुटते, कारण म्हातारी आणि धाकटं भावंडं तिच्यावर सोपवलेली असतात, नाहीतर तीच सोबत जाते. मग लग्न लवकर. फडात बाईने एक दिवस सुट्टी घेतली तर खाड्याचा दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची माहिती घेतली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, पोटात दुखणं यावर औषधपाणी करायला वेळ नाही आणि खाडा परवडत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. पर्जन्यमापकात न दिसणारा दुष्काळ तो हाच. तुमच्या गटातल्या कोणाला असं ऑपरेशन सुचवलं गेलं तर घाई करू नका. तिला एकटीला न पाठवता दोघी-तिघींनी सोबत जाऊन दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी दवाखान्यातलं मत घ्या.

शासन दुष्काळ जाहीर करतं तेव्हा तालुक्यांची यादी निघते. २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला १५१ तालुके जाहीर झाले, २०२३ मध्ये ४०. यादीत आपला तालुका असेल तर जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची वीज न तोडणं, शाळा-कॉलेजच्या मुलांना परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषात सवलत आणि गरजेप्रमाणे टँकर, अशा सवलती मिळतात. परीक्षा फीची गोष्ट बहुतेक आयांना माहीतच नसते, फी भरून मोकळ्या होतात. रोजगार हमीचं काम तोंडी मागू नका. मागणीचा अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नसली तर काम मागितलंच नाही असं धरलं जातं.

या सवलतींत शेतीकर्ज आहे, गटाचं कर्ज नाही. म्हणून आपल्या गटाचं आपणच ठरवायला लागतं. दुष्काळात गट का मोडतात? हप्ता थकतो, थकलेली बाई लाजेने बैठकीला येईनाशी होते, मग दुसरी म्हणते तिने भरलं नाही तर मी का भरू. माझं मत असं, की पैसे नसले तरी बैठक चुकवू द्यायची नाही. ठराव करून हप्त्याची मुदत वाढवा, व्याज तेवढं घ्या, बचत दहा रुपयांवर आणा, पण सगळं वहीत लिहा. आणि दारावर येऊन पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या, आठवड्याला हप्ता मागणाऱ्या कंपन्यांकडून घेऊन गटाचा हप्ता भरायचा नाही. जुना हप्ता त्याने भागतो, पण नवा हप्ता दर आठवड्याला दारात उभा राहतो.

गटाच्या पैशाचा एक चांगला उपयोग म्हणजे वैरण. रब्बीची ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा स्वस्त असतो आणि मे महिन्यात त्याचा भाव कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गटाने खळ्यावरच कडबा घेऊन ठेवला तर शेळ्या-गाई पडत्या भावात विकायची वेळ येत नाही. हिरवी मका असेल तर मूरघास करा, दीड-दोन महिन्यांत तयार होतो. धाराशिव-लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत बायकांनी घरच्या जमिनीतली एक एकर स्वतःकडे मागून घेतली आणि तीत ऊस-सोयाबीनऐवजी डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला लावला. कमी पाण्यात घरचं खाणं निघालं. या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा ती एक एकर नवऱ्याकडून कशी मिळवली हे ऐकण्यासारखं असणार!

आणि हो, कडब्याची गंजी डोंगराच्या बाजूला रचू नका. वणवा वाऱ्यावर चढून आला तर वर्षाची वैरण एका तासात जाते. इथेच वणवा आणि दुष्काळ एका अंगणात भेटतात.

आग लागायच्या आधी, आणि लागल्यावर

काम सुरू होतं दिवाळीनंतर. गवत पिवळं पडायला लागलं की गावाच्या आणि डोंगराच्या मध्ये दहा-पंधरा फूट रुंदीचा पट्टा कापून साफ करायचा. याला जाळरेषा म्हणतात. गवत कापून वैरणीला न्यायचं आणि उरलेला पालापाचोळा झाडून काढायचा. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर तो वनरक्षकाला बरोबर घेऊन, सकाळी दंव असताना आणि वारा पडलेला असताना. एकट्याने कधीही नाही. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जंगलात ज्यांना चराईचे, सरपणाचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणंही त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

आग दिसली की आधी फोन. वनखात्याचा १९२६ हा नंबर पैसे न लागता लागतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेजारी आपल्या वनरक्षकाचा. उपग्रहावरूनही आगी टिपल्या जातात आणि भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था मोबाईलवर त्याचे संदेश पाठवते. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो आणि लहान आग त्याला दिसत नाही. मोळी आणायला गेलेल्या बाईला ती आधी दिसते.

विझवायला जायचं असेल तर काही गोष्टी पाठ असू द्या. आग चढावर फार वेगाने धावते, कारण वरचं गवत ज्वाळेने आधीच तापून वाळतं. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेल्या तरुण-तरुणींचा गट असाच वाळक्या गवताच्या उतारावर आगीत सापडला आणि वीसहून जास्त जण गेले. अडकलातच तर आग जिथून जाऊन आलीय त्या काळ्या, जळून गेलेल्या जागेत जा. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. ओल्या फांद्यांनी बाजूने झोडपत यायचं, समोरून नाही. आणि साडी! नायलॉनची, पॉलिस्टरची साडी उष्णतेने वितळून अंगाला चिकटते. सुती साडी, पदर घट्ट खोचलेला, पायात चप्पल नको, बूट असले तर उत्तम. भर दुपारी, वारा असताना, लहान पोरांना घेऊन कोणीही जायचं नाही. डोंगर पुन्हा उगवेल.

पुढच्या बैठकीसाठी विचारायचे प्रश्न: गेल्या तीन वर्षांत आपला डोंगर किती वेळा जळला आणि कोणत्या बाजूने? गावची विहीर दरवर्षी कोणत्या महिन्यात तळ गाठते? तो महिना आता अलीकडे सरकलाय का? प्रत्येकीने आपापल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यावं. उत्तरं जुळली नाहीत तरी लिहून घ्या. ग्रामसंघाच्या बैठकीत जाळरेषेचा ठराव मांडायचा असेल तर तो ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी द्यावा लागेल, म्हणजे वनरक्षकाला तारीख देता येते आणि गवत उभं असतानाच कापणी होते.